चैत्रात कोण निघालं, त्याची नोंद

कोकण किनाऱ्यावर वसंत ऋतू हा पक्ष्यांच्या निघण्याचा काळ. फाल्गुनात खाडीतल्या कुरवांच्या पांढऱ्या डोक्यांवर तपकिरी टोपी चढू लागते, चैत्रात बाकदार चोचीच्या तुतवारांच्या करड्या पिसांतून विटकरी रंग फुटतो, आणि वैशाख सरेपर्यंत अलिबागजवळच्या अक्षीपासून गोव्यातल्या मोरजीपर्यंतच्या पुळणी बऱ्याचशा ओस पडतात. कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांकडे जातात, चिखल्या हिमालयाच्या माथ्यावर आणि त्यापलीकडच्या पठारांवर, आणि हे तुतवार तर थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पाकडे. याच दिवसांत किनाऱ्यावर माणसांचीही एक धांदल असते. कुठे तरी सहसा न दिसणारा एखादा पक्षी उतरतो, त्याचा फोटो हातोहात फिरतो आणि शनिवारी पहाटे गाड्या निघतात. या धांदलीत एक मोठी गोष्ट हातची निसटते आहे, असं माझं ठाम मत आहे. ते मांडायचं तर समोरच्या बाजूलाही तितक्याच जोरानं बोलू दिलं पाहिजे, म्हणून हा संवाद. यातली ‘ती’ मी कल्पनेनं उभी केली आहे. दुर्मीळ पक्ष्यामागे जीव टाकून जाणारी, वाचन असलेली, गळ्यात कॅमेरा असलेली ही तरुण मुलगी बोलते ते मुद्दे मात्र पक्षी बघणाऱ्यांत नेहमी ऐकू येणारे आहेत.

ती: काका, दुर्मीळ पक्षी दिसला तरी लोकांनी जाऊ नये, असं तुमचं म्हणणं आहे का? कारण या किनाऱ्याचं आजवर जे काही भलं झालं ते अशा नवलाईतूनच झालंय. शिवडीच्या गाळात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसायला लागले, मुंबईकरांना अप्रूप वाटलं, लोक बघायला गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. गाळातल्या साध्या टिलव्यांसाठी कुणी अभयारण्य मागितलं असतं का? आणि दुर्मीळ नोंद म्हणजे नुसती हौस नव्हे. पक्ष्यांच्या वाटा बदलताहेत, हवामान बदलतंय, याची पहिली खबर अशाच नोंदीतून मिळते.

मी: जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण दुर्मीळ नोंद एकटी असेल तर ती मुकी असते. तिला बोलतं करतात त्या आजूबाजूच्या साध्या, रोजच्या नोंदी, आणि आपण नेमक्या त्याच ठेवत नाही. तू म्हणतेस, वाट बदलते आहे. हे कशावरून ठरवायचं? भर जूनमध्ये रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत एखादा कर्ल्यू उभा दिसला, तर थंडीतला पाहुणा पावसात कसा, म्हणून त्याचा गाजावाजा होईल. वास्तविक कर्ल्यू, पाणटिवळे, चिखल्या यांच्यातले पहिल्या वर्षाचे पक्षी पुष्कळदा उत्तरेकडे परततच नाहीत. विणीचं वय झालेलं नसतं, मग एवढा प्रवास कशाला करायचा? ते उन्हाळा-पावसाळा इथेच काढतात. पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वाऱ्यानं दमून पुळणीवर येऊन पडणाऱ्या बूबींचं आणि समुद्री सुरयांचंही तसंच. खोल समुद्रावर त्यांचा नेहमीचा वावर असतो. जून-जुलैत किनाऱ्यावर फिरणारी माणसंच कमी असतात, म्हणून ते आपल्याला विरळा वाटतात. कुठला पक्षी खरोखर दुर्मीळ आणि कुठला केवळ आपल्या गैरहजेरीमुळे दुर्मीळ, हे सांगायला बारा महिन्यांची साधी वही लागते. ती नसेल तर तुझी ‘पहिली खबर’ खबर आहे की योगायोग, हे आयुष्यात कधीच कळणार नाही.

याचा सगळ्यात मोठा धडा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळालेला आहे. हेस्टिंग्ज या गावाच्या परिसरातून 1892 ते 1930 या काळात अचाट पक्ष्यांच्या नोंदी येत राहिल्या. ब्रिटनमध्ये पूर्वी कधीच न दिसलेले पक्षी याच टापूत मारले जायचे, आणि त्यांतले बहुतेक जवळच्याच गावातल्या जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्याच्या दुकानातून बाहेर यायचे. नमुने हातात होते, मोठमोठ्या जाणकारांनी ते तपासले होते, आणि पुस्तकांत त्यांना मानाची जागा मिळाली होती. 1962 मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकानं हे सगळं प्रकरण उलगडलं, आणि पाचशेहून अधिक नोंदी रद्द झाल्या. संशय पक्का कसा झाला, हे बघ. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञानं त्या एकाच टापूतल्या दुर्मीळ नोंदींचं प्रमाण शेजारच्या केंट आणि ससेक्सच्या नोंदींशी आणि त्याच भागातल्या नंतरच्या दशकांशी ताडून पाहिलं. ताळमेळ कुठेच बसेना. पेंढा भरलेल्या एकेका पक्ष्याकडे बघून जे चाळीस वर्षं कुणाला सिद्ध करता आलं नाही, ते आजूबाजूच्या साध्या आकड्यांनी सिद्ध केलं.

ती: पण काका, त्या रद्द झालेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक जाती पुढे ब्रिटनमध्ये खरोखरच दिसल्या, रीतसर पुराव्यानिशी. म्हणजे यादी शेवटी जवळपास तीच राहिली. मग एवढी चिकित्सा करून काय साधलं?

मी: यादी तीच राहिली, पण स्थलांतराचा अभ्यास नुसत्या यादीवर चालत नाही. कोणता पक्षी, कुठल्या आठवड्यात, किती, कुठल्या वाऱ्यानंतर, या गोष्टींवर तो चालतो. खोट्या नोंदींनी नेमक्या त्याच बिघडवल्या होत्या. आपल्याकडचं रानपिंगळ्याचं प्रकरण तुला ठाऊक असेलच. तो किनाऱ्यावरचा नाही आणि स्थलांतर करणाराही नाही, पण मुद्दा तोच आहे. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यानं 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना वास्तविक जुन्या संग्रहातून चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला होता. तो बाजूला सारल्यावर कळलं की या पिंगळ्याचा शेवटचा विश्वासार्ह पुरावा 1884 चा आहे. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या जुन्या नमुन्यांच्या माहितीवर विसंबून शोध घेतला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. एक खोटी दुर्मीळ नोंद माणसांना किती काळ भलत्या दिशेला बघायला लावते, याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे. आजचा डिजिटल फोटो चिठ्ठीपेक्षा पक्का पुरावा आहे, हे मला मान्य आहे. पण फोटो फक्त ‘हा पक्षी इथे होता’ एवढंच सांगतो. कालपर्यंत नव्हता आणि आज आला, की कायमच होता, यावर तो गप्प असतो.

ती: आता माझा खरा मुद्दा ऐका. ऑक्टोबर 2025 मध्ये बारीक चोचीचा कर्ल्यू नामशेष झाल्याचं आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं जाहीर केलं. त्याचं शेवटचं निर्विवाद दर्शन 1995 मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. तुमच्या मोजणीनं त्याला वाचवलं नाही. उलट त्याच्यासारखे दोन-चार उरलेले पक्षी कुठे आहेत हे हुडकायला माझ्यासारखी वेडीच लागतात. थव्यात डोळे बारीक करून हजारांतून वेगळा एक ओळखणं, हे मोजणाऱ्याचं काम नाही.

मी: हा कर्ल्यू तू काढलास हे बरं झालं, कारण माझी बाजू त्याच्याइतकी कुणीच मांडत नाही. हा पक्षी काही जन्मतःच दुर्मीळ नव्हता. सायबेरियाच्या बाजूला वीण आणि भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळा, असा त्याचा क्रम होता, आणि एकेकाळी त्या किनाऱ्यांवर तो नेहमीचा होता. नेहमीचा होता म्हणूनच त्याला कुणी मोजलं नाही. त्याची घरटी शास्त्रज्ञांना जेमतेम सापडली, तीसुद्धा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ओम्स्कजवळच्या तारा भागात. पुढे कुणालाही ती पुन्हा मिळाली नाहीत. तो विरळ होत चालल्याचं ध्यानात आलं तेव्हा पार उशीर झाला होता. त्यानंतर मात्र तू म्हणतेस तशी शोधाची लाट आली. मे 1998 मध्ये, भर वसंतात, इंग्लंडच्या ड्रुरिज बे किनाऱ्यावर तो दिसल्याची नोंद झाली आणि ती स्वीकारलीही गेली. पुढे फेरतपासणीत ती ब्रिटनच्या यादीतून वगळावी लागली. 2024 च्या एका अभ्यासानं हा पक्षी आता उरलेला नसण्याची शक्यता सुमारे 96 टक्के असल्याचं काढलं, आणि तो बहुधा नव्वदच्या दशकातच संपला असावा. म्हणजे आपण त्याला हजारांतून हुडकत होतो तेव्हा कदाचित तो नव्हताच. डोळे बारीक करून शोधायची वेळ येण्याआधी, तो शेकड्यांनी होता तेव्हा, एखाद्यानं दर वसंतात ‘गेल्या वर्षीपेक्षा कमी’ एवढं लिहून ठेवलं असतं तर हालचाल करायला चाळीस-पन्नास वर्षं मिळाली असती.

ती: तुमची मोजणीसुद्धा फसवते की! ठाणे खाडीत जानेवारी 2019 मध्ये एक लाखाहून अधिक रोहित मोजले गेले. आकडा बघून वाटेल, खाडी किती छान आहे. पण छोट्या रोहितचं खाणं म्हणजे सूक्ष्म शैवाल, आणि शहराच्या सांडपाण्यामुळे ते वाढतं, असं अभ्यासकच सांगतात. म्हणजे आकडा वाढला तो घाणीमुळेही असेल. मग कोण जास्त फसलं, मी की तुम्ही?

मी: हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मानतो. एकाच पक्ष्याची मोजणी फसवते, आणि तो पक्षी गुलाबी, देखणा आणि लांबून दिसणारा असेल तर जास्तच फसवते. म्हणूनच मी सगळ्यांची मोजणी म्हणतो. सांडपाण्यावर शैवाल वाढून रोहित वाढले, पण त्याच गाळातले किडे, शिंपले, छोटी कालवं यांवर जगणारे टिलवे, चिखल्या, पाणटिवळे घटले, तर हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावरच खाडीची प्रकृती कळते. नुसत्या रोहितांच्या आकड्यानं कळत नाही, आणि एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोनं तर मुळीच नाही. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालाचं उदाहरण घे. देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर तो बेतलेला आहे. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या 204 घटलेल्या निघाल्या. हे निघालं कशातून? ज्यांनी दिसलेले सगळे पक्षी लिहिले, कावळा-साळुंकीसकट, त्यांच्या पूर्ण याद्यांतून. पूर्ण यादीची खरी किंमत तिच्यात न लिहिलेल्या नावांत असते. मी दोन तास पाहिलं, सगळं लिहिलं, आणि त्यात सोनचिखल्या नाही, म्हणजे त्या दोन तासांत तो मला दिसला नाही. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिणाऱ्याच्या वहीत सोनचिखल्या नसण्याला काहीच अर्थ नसतो. ऑक्टोबर 2024 मध्ये आययूसीएननं किनाऱ्यावरच्या 16 स्थलांतरित जातींची धोक्याची पायरी वाढवली. आपल्या चैत्रातला तो विटकरी होणारा तुतवार त्यांत आहे, करडा चिखल्याही आहे. हे पक्षी बघायला कुणी शनिवारी गाडी काढत नाही. सगळ्या जगात ते साधे मानले जातात, आणि घसरताहेत तेच.

आता वसंतातच मोजा, असा हट्ट का? आपल्याकडे पाणपक्ष्यांची मोठी गणना होते ती जानेवारीत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण जानेवारीत पक्षी मुक्कामाला असतो. मार्चच्या मध्यापासून तो निघायची तयारी करतो, आणि त्या आठ-दहा आठवड्यांत त्याची किनाऱ्याची गरज पुरती बदललेली असते. पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक हे हातात धरून बघतात. पक्षी उताणा घ्यायचा, गळ्याखालच्या पिसांवर हलकी फुंकर घालायची. पिसं दुभंगतात, आणि छातीच्या वरच्या हाडाजवळची खळगी पातळ कातडीतून स्वच्छ दिसते. थंडीत ती खोलगट, लालसर असते. निघायच्या वेळी तीच खळगी पिवळ्या चरबीनं काठोकाठ भरून वर फुगलेली असते. कित्येक किनारी पक्षी या दिवसांत आपल्या वजनाच्या दीडपट होतात, काही जवळपास दुप्पट. ही सगळी चरबी ओहोटीच्या गाळातून, दिवसाच्या मोजक्या तासांत, किडा-किडा टिपून जमवायची असते. पाणटिवळ्याच्या लांब चोचीचं नुसतं टोक गाळाच्या आतच उघडतं, बाकी चोच मिटलेलीच राहते. इतकं नेमकं यंत्र, पण गाळात किडाच नसेल तर त्याचा उपयोग नाही. एप्रिलमध्ये ज्याची चरबी कमी पडली तो वाटेत संपतो, किंवा पोचूनही वीण करू शकत नाही. आपल्या खाडीचा दोष मग तैमिरमधल्या रिकाम्या घरट्यात दिसतो, आणि जानेवारीच्या आकड्यात तो उतरायला बरीच वर्षं जातात.

गर्दीची गोष्टही इथेच येते. जानेवारीत थवा उडवला तर पक्ष्याचा थोडा वेळ गेला. एप्रिलमध्ये भरतीच्या वेळी पुळणीच्या उरल्यासुरल्या पट्टीवर टेकलेला थवा फोटोसाठी चार वेळा उडवला, तर महिनाभर जमवलेल्या शिदोरीतला वाटा आपण खर्चून टाकला. एका दुर्मीळ पक्ष्याच्या चांगल्या फोटोसाठी त्याच्याबरोबरचे पाचशे पक्षी ही किंमत मोजतात, आणि त्या पाचशेंचं नाव फोटोखाली येतही नाही. याचा मला मनापासून राग येतो.

ती: राग समजला. पण माणसांचा स्वभाव तुम्हाला बदलता येणार नाही. टिलवे मोजायला या, म्हणून तुम्ही बोलावलंत तर चार जण येतील. मी नवा पक्षी दिसल्याचं सांगितलं तर चाळीस येतील, आणि त्यांतले चार पुढे तुमच्या टिलव्यांकडे वळतील. नवलाईचं दार बंद करून तुमच्याच घरात माणसं येणार नाहीत.

मी: दार बंद कर असं मी म्हणतच नाही. चाळीस जण येऊ देत. त्यांनी लांब उभं राहावं, भरतीच्या वेळी थव्याजवळ जाऊ नये, आणि निघण्याआधी तिथे दिसलेले सगळे पक्षी आकड्यांसकट लिहावेत. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो त्या यादीत एक ओळ म्हणून बसला की माझा आक्षेप संपला. उलट मग तुझी नोंद माझ्यापेक्षा मोलाची ठरते, कारण तिच्याभोवती त्या दिवसाचा अख्खा किनारा लिहिलेला असेल. यासाठी वेगळी संस्था नको, निधी नको. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, एकाच जागी दोन वेळा उभं राहायचं. पूर्ण ओहोटीला गाळावर कोण चरतंय ते लिहायचं, आणि पूर्ण भरतीला ते सगळे कुठे जाऊन बसतात ते लिहायचं. हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. गाळ पाण्याखाली गेला की पक्ष्यांना उघडी, कोरडी किंवा उथळ पाण्याची जागा लागते. ठाणे खाडीत ती जागा पुष्कळदा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असते. भांडुपचं उदंचन केंद्र, नवी मुंबईतली तळी, उरणकडची पाणजे, भेंडखळ, बेलपाडा ही पाणथळं, जुनी मिठागरं. चरायची जागा राखली आणि टेकायची जागा भरून टाकली, तर राखलेल्या जागेचाही उपयोग उरत नाही.

ती: आणि हे आकडे लिहून ठेवले तरी ते वाचणार कोण? भराव टाकायचा तो टाकला जातोच.

मी: कधी टाकला जातो, कधी अडतो. पण तो अडवायला कुणी उभं राहतं तेव्हा वाद नेहमी एकाच वाक्याशी येऊन थांबतो: ‘या जागेवर पक्षी येत नाहीत.’ या वाक्याला तुझा फोटो उत्तर देऊ शकत नाही. एक पक्षी एके दिवशी वाट चुकून आला, दुर्मीळच होता, पुन्हा येणार नाही, असं समोरचा सहज म्हणेल. आणि दुर्मीळ या शब्दाचा अर्थच तसा असल्यानं आपल्याकडे त्यावर बोलायला काही नसेल. पण आठ वर्षं, दर उधाणाला, त्याच बांधावर उभं राहून लिहिलेली यादी समोर ठेवली, त्यात एप्रिलच्या भरतीला अमुक चिखल्या, अमुक तुतवार, अमुक पाणटिवळे, आणि भराव पडलेल्या वर्षी तिथे शून्य, असं तारीखवार लिहिलेलं असलं, तर त्या शून्यालाही पुराव्याचं वजन येतं. ते शून्य लिहायला कुणी तरी तिथे गेलेलं असलं पाहिजे, ज्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं त्या दिवशीसुद्धा.